एकाच पाइपातून

सकाळी पावणेआठला तळघराचा जिना उतरताना त्याने रोजच्यासारखा भिंतीलगतच्या मोठ्या पाइपावर तळवा टेकवला, आणि पाइप गार आहे की गरम, हे त्याला कळेना. झालं ते एवढंच. श्वासभरसुद्धा वेळ गेला नसेल. पुढच्या क्षणी कळलं की पाइप गार आहे, आणि तो गारच असणार होता, कारण सोमवारी त्याने स्वतःच्या हाताने तो गारावर नेला होता. पण एकतीस वर्षं ज्या हातावर पोट भरलं, त्या हाताने विचारल्यावर उत्तर देऊ नये म्हणजे काय? तो जिन्यात तसाच थांबला. तळवा उलटासुलटा करून पाहिला, पँटला पुसला, पुन्हा टेकवला. गार. चांगला गार. म्हातारा झालास, त्याने स्वतःला सांगितलं, पण ते काही मनाला पटलं नाही. सकाळी बसमध्ये त्याच्या एका बाजूला गळ्यापर्यंत कोट घातलेला माणूस बसला होता आणि दुसऱ्या बाजूला बिनबाह्यांच्या बनियनमधला, आणि दोघेही आपलं काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्याने एकमेकांकडे बघत होते. त्याच्या स्वतःच्या पिशवीत डब्याखाली स्वेटर होता. हल्ली सगळेच दोन ऋतूंचे कपडे पिशवीत घेऊन हिंडत. मग हाताचंच काय चुकलं, असं म्हणून तो खाली गेला आणि यंत्रघराचा दिवा लावला.

वर तीन मजल्यांवर बेचाळीस म्हातारी माणसं राहत. कुणाला मुलं नव्हती, कुणाची होती पण लांब होती, कुणाची जवळ होती म्हणूनच ती इथे होती. प्रत्येकाच्या खोलीत खिडकीखाली एक पत्र्याची पेटी, पेटीत पाइपाचं वेटोळं, मागे छोटा पंखा. हिवाळ्यात वेटोळ्यातून गरम पाणी फिरायचं, उन्हाळ्यात गार. पाइप मात्र एकच. ज्याने कुणी ही इमारत बांधली त्याने दुसऱ्या पाइपाचे पैसे वाचवले होते, आणि त्या काळी त्यात काही वावगं नव्हतं, कारण हिवाळा हिवाळ्यासारखा यायचा आणि उन्हाळा सांगून-सवरून. वर्षातून दोनदा पालट करायचा, की झालं. पालट म्हणजे काही बटण दाबायचं काम नव्हे. गार पाण्याचं यंत्र बंद करायचं, इमारतभरच्या पाइपातलं पाणी आपसूक कोमट होऊ द्यायचं, मग बॉयलरकडचा व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, थांबायचं, आणखी केसभर उघडायचा. सोळा तास. बॉयलर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, शेजारी-शेजारी उभे केलेले आठ जाड खण. न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी तो बाराही महिने तापलेला असे. तापलेल्या बिडावर गार पाणी एकदम आलं तर ते तडकतं. गरम काचेच्या पेल्याचं जे होतं तेच. ज्यांनी त्याला हे काम शिकवलं ते जुने मिस्त्री म्हणायचे, "बायकोला घाई केलीस तर ती रागावेल, बिडाला घाई केलीस तर ते रागावणारसुद्धा नाही, सरळ जाईल." मिस्त्रींचं लग्नच झालेलं नव्हतं, पण सांगायचे मात्र असंच.

मिस्त्री गेले ते बरं झालं, असं अलीकडे त्याला वाटू लागलं होतं. फेब्रुवारीपासून हा चौथा पालट. आठ दिवस अंगातून घामाच्या धारा, मग दोन दिवस ओठ फुटतील अशी थंडी, मग परत घाम. त्याने गरमावर न्यावं की बाहेर ऊन तापलंच, गारावर न्यावं की वारा फिरलाच. सगळं वरातीमागून घोडं. वरच्या मंडळींनी त्याचं नाव हवामानखातं ठेवलं होतं. "काय हो हवामानखातं, आज काय घालू?" तो जेवणघरातून गेला की कुणीतरी विचारायचंच, आणि सगळे हसायचे, आणि तोही हसायचा. पण व्यवस्थापक हसत नसत. त्यांच्या टेबलावर तक्रारवही होती. तिच्यात एकाच तारखेला एकाच मजल्यावरच्या दोघांनी लिहिलं होतं, एकाने फार उकडतं म्हणून आणि दुसऱ्याने फार गारठा आहे म्हणून, आणि खरं म्हणजे दोघांचंही खरं होतं, फक्त एकाने सकाळी लिहिलं होतं आणि दुसऱ्याने दुपारी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्री अंथरुणावर पडलं की त्याच्या कानात पाणी वाहायचं, आणि ते कुठलं पाणी आहे ते त्याला ओळखता यायचं नाही. बायको म्हणायची, "नोकरी तळघरात ठेवून या की जरा." पण नोकरीचा तिला वाटत होता तेवढाच प्रश्न असता तर त्याने ती ठेवलीही असती.

दुसऱ्या मजल्यावर चौदा नंबरला त्याची ताई होती. सख्खी, सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई अकरा, आणि त्यानंतर आई म्हणजे कोण असं कुणी विचारलं असतं तर त्याने ताईकडे बोट दाखवलं असतं. ताईने लग्न केलं नाही. तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्री केली. तिथल्या वाफेतून ती घामाने निथळत बाहेर यायची आणि मागच्या उघड्या अंगणात ओल्या चादरी पिळून टाकायची, हिवाळ्यातसुद्धा, तशीच, उघड्या दंडांनी. "मला काही होत नाही," ती म्हणायची, आणि तिला काही होतही नसे. आता झालं होतं. मार्चमध्ये पहिल्यांदा हवा उलटली तेव्हा तिच्या पायांना सूज आली आणि श्वास पुरेना. एप्रिलच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा उलटली तेव्हा तिला चार दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. दाराबाहेर येऊन त्याने सांगितलं, "हृदय फार थकलंय. गरमी त्या काढतील, थंडीही काढतील. पण आज ही आणि उद्या ती, असा धक्का तिसऱ्यांदा बसला तर मी काही सांगू शकत नाही." डॉक्टरला काय ठाऊक, की तो धक्का ज्या पाइपातून येतो त्याचा व्हॉल्व्ह याच माणसाच्या हातात आहे. तिला घरी न्यावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण त्याची खोली स्लॅबखालची, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हापासून तो हवेशी वैर असल्यासारखा वागत होता. आकाशाकडे बघताना त्याचे दात आवळलेले असत.

त्या दिवशी, बुधवारी, सकाळी नऊला तो वर गेला तेव्हा ताई खिडकीशी बसली होती. पेटीतून गार झुळूक येत होती, बाहेर ऊन चढत होतं. रविवारी चौतीस अंश होतं, म्हणून तर सोमवारी त्याने पालट केला होता, आणि दोन दिवसांत तिच्या पायाची सूज खरोखरच उतरली होती.

"बरी दिसतेस," तो म्हणाला.

"दिसायला काय, मी पहिल्यापासूनच बरी दिसते. तुझंच तोंड का असं? बायकोने जेवायला घातलं नाही?"

"घातलं."

"मग बस जरा. हात बघू तुझा. केवढा गार."

"पाइपाला लावला होता."

"तुझा हात गार असतो की पाइप गार असतो, हे एकदा मला सांग," ताई म्हणाली आणि आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये त्याचा हात धरून चोळत बसली. तो पासष्टीला टेकलेला माणूस, पण हात काढून घेतला नाही. सांगावं तिला की आज पाइपाला हात लावला तेव्हा काही कळलंच नाही? पण ती काळजी करेल. तिच्या बोटांची टोकं इस्त्रीने कधीच जळून गुळगुळीत झाली होती. त्यांना गरम-गार फारसं कळतच नसे. लहानपणी त्याला आंघोळ घालताना ती पाणी बोटांनी नव्हे, कोपराने तपासायची. एकदा तपासायला विसरली आणि त्याची पाठ पोळली, आणि तो रडायच्या आधी तीच रडली. आपल्या हातून तिचं काही वाईट होऊ नये, एवढीच गोष्ट आता आयुष्यात उरली आहे, असं त्याला त्या खुर्चीवर बसल्या-बसल्या अगदी स्पष्ट वाटलं. मग तो खाली गेला.

एक वाजता वारा फिरला. तळघरात त्याला आधी दारं आपटल्याचे आवाज आले, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत, एकामागून एक. कालपर्यंत उकडत होतं म्हणून सगळ्यांनी खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या. तो मागच्या दाराने बाहेर आला. ऊन होतं तसंच होतं, पण त्याच्यातली ऊब कुणीतरी काढून नेली होती. भिंतीवरच्या थर्मामीटरवर एकतीस. दीड वाजता चोवीस. दोन वाजता अठरा. तो बघत असताना पारा उतरत होता, आणि इतक्या वर्षांत पारा हलताना त्याने डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. धावत खाली येऊन त्याने गार पाण्याचं यंत्र बंद केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सोळा तास. म्हणजे उद्या सकाळी सहा. तोवर तीन मजल्यांच्या भिंतींतून दहा अंशांचं पाणी तसंच पडून राहणार. फोन वाजायला लागला. मेट्रन म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर सगळे कुडकुडतायत, कधी सोडताय गरम?" त्याने सांगितलं सकाळी. व्यवस्थापक म्हणाले, "सकाळी म्हणजे काय? आत्ता दुपार आहे." त्याने पुन्हा सांगितलं. व्यवस्थापकांनी विजेच्या शेगड्या गेल्या वर्षीच कुलपात घातल्या होत्या, कुणाचा तरी पडदा पेटल्यापासून, आणि वायरिंग इतकं जुनं होतं की त्यांचंही चुकलं नव्हतं. कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. त्या गोष्टीचाच त्याला राग येत होता. कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

चार वाजता बाहेर नऊ अंश होतं. तो वर गेला. चौदा नंबरमध्ये मेट्रनने ताईला दोन कांबळी गुंडाळली होती, पायाशी गरम पाण्याची पिशवी दिली होती. ताईचे ओठ निळसर झाले होते. तिचा श्वास वरच्या वर चालला होता, जिना चढून आल्यासारखा. डॉक्टरला कळवलं होतं. तो म्हणाला होता की हलवू नका, उबेत ठेवा, सहापर्यंत येतो.

"गार लागतंय रे," ताई म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. "हाडात लागतंय. असं कधी लागलं नव्हतं."

"पाणी सोडतो गरम. थोडा वेळ लागेल."

"किती?"

 सकाळपर्यंत असं कसं सांगायचं? तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. "बाकीच्यांचं बघ आधी. तेरा नंबरचे मास्तर सकाळी गंजिफ्रॉकवर फिरत होते." एवढं बोलून तिला धाप लागली. तो तिच्या पायांवर हात ठेवून उभा राहिला. कांबळ्याखालीही पाय गारच होते. हे मात्र हाताला बरोबर कळलं.

जिना उतरताना त्याच्या मनात काहीच ठरलेलं नव्हतं, असं तो पुढे स्वतःला सांगणार होता. पण ते खरं नव्हतं. प्रत्येक पायरीवर थोडं-थोडं ठरत गेलं होतं. सोळा तास हा मिस्त्रींचा हिशेब. मिस्त्रींच्या काळचा, निवांतपणाचा. त्यात चार तास तरी नुसते भीतीचे असणार. बारा धरू. बाराचे सहा का नाहीत? बीड काही इतकं नाजूक नसतं. एकतीस वर्षांत त्याने कधी घाई केलीच नव्हती, मग घाई केली तर काय होतं हे त्याला ठाऊक तरी कसं असणार? ऐकीव गोष्टच ती. त्याने पंप चालू केला आणि व्हॉल्व्ह केसभर उघडला. बॉयलर गुरगुरला आणि गप्प झाला. त्याने पाव फेरा उघडला. काही नाही. कान लावून उभा राहिला, कपाळावर घाम. तळघर बॉयलरमुळे उबदार होतं आणि वर ताई कुडकुडत होती, आणि त्याला त्या उबेची शरम वाटली. अर्धा फेरा. काही नाही. बघितलंत मिस्त्री, तो मनात म्हणाला, काही होत नाही. मग त्याच्या अंगात कसलं तरी बळ आलं. सहा आठवड्यांचं दात आवळून धरलेलं सगळं मनगटात उतरलं, आणि त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाणी धावलं. पाइपातून आवाज वर चढत गेला, पहिला मजला, दुसरा मजला, आणि त्या आवाजाबरोबर तोही वर चालल्यासारखा झाला. जातंय. पोचलं. पेटीत गेलं. तिच्या पायांशी ऊब आली. तो हसला, एकटाच, तळघरात.

मग बॉयलरच्या पोटातून आवाज आला. मोठा नव्हता. दाराला आतून कडी घालावी तेवढाच. मागचा खण वरपासून खालपर्यंत तडकला होता आणि जाळाच्या जागेत पाणी फसफसत होतं. त्याच्या हातांनी करायचं ते केलं. जाळ बंद, पंप बंद, व्हॉल्व्ह बंद. फरशीवरून गढूळ, गरम पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं. त्याने कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, खण मागवावा लागेल, लवकरात लवकर चार दिवस. "घाई केलीत का हो?" त्या माणसाने सहज विचारलं. त्याने फोन ठेवून दिला. रात्री तीन अंशांपर्यंत उतरणार होतं. बेचाळीस माणसं. आता सकाळी सहाही नाही, न्हाणीघरात गरम पाणीही नाही, काही नाही. केवढं सोपं होतं. काही न करता नुसतं बसून राहायचं होतं.

तो वर आला तेव्हा दुसरा मजला उबदार होता. पेट्यांतून गरम हवा येत होती. निघालेलं गरम पाणी इथवर पोचलं होतं. दारं उघडली होती, बोलणी चालली होती. कुणीतरी खोकत-खोकत हसत होतं. चौदा नंबरमध्ये ताईने दोन्ही कांबळी बाजूला सारली होती, स्वेटर काढून उशाशी ठेवला होता, आणि ती पेटीसमोर पाय धरून बसली होती. ओठांना थोडा रंग आला होता.

"आलं बघ गरम," ती म्हणाली. "मी मेट्रनना म्हटलंच, माझा भाऊ आहे खाली, तो करेल काहीतरी."

फार तर अर्धा तास. मग पेटीतलं पाणी निवणार, आणि आत्ता सैल सोडलेल्या अंगावर पुन्हा गारठा येणार. थंडीतून गरमीत, गरमीतून थंडीत. डॉक्टर म्हणाला होता तोच धक्का, आणि तोही एका दुपारात दोनदा. तो तिच्या पुढ्यात खाली बसला, उशाशी ठेवलेला स्वेटर घेतला आणि तिचा हात बाहीत घालायला लागला.

"अरे, उकडतंय मला."

"असू दे."

"आत्ता तर काढला."

"घाल ताई. थोड्या वेळाने लागेल." तो बटणं लावत राहिला. एक बटण भोकात जाईना. ताईने त्याच्या हाताकडे पाहिलं, ओल्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"काय मोडलंस?" तिने विचारलं.

पाच वर्षांचा असता तर नाही म्हणाला असता. "बॉयलर," तो म्हणाला. "चार दिवस काही नाही आता. हे थोडं सोडलंय तेवढंच. तुझ्यासाठी म्हणून घाई केली."

ती श्वास घेत राहिली, मोजून-मापून, त्यालाही पैसे पडत असल्यासारखा. बाहेरून मास्तरांचं हसणं आलं. मग तिने उरलेलं बटण स्वतः लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी कपडे काढले असतील रे आता. इथे काय बसलास? जा, सांग जा." तो उठला. "आणि माझं नाव घेऊ नकोस. मला इथेच राहायचंय यांच्यात."

तेरा नंबरचे मास्तर खरोखरच गंजिफ्रॉकवर होते. त्याला पाहून उठून उभे राहिले. "या हवामानखातं. आज पहिल्यांदा तुमचं खातं वेळेवर आलं." त्याने सांगितलं. घाई केली, बॉयलर फुटला, अर्ध्या तासात ऊब जाईल, असेल नसेल ते अंगावर घाला, चार दिवस लागतील. एका दमात सांगितलं आणि शिवी ऐकायला उभा राहिला. मास्तरांनी पेटीकडे पाहिलं. मग खुर्चीवरचा सदरा चढवला, त्यावर कोट चढवला, आणि कपाटातून एक जाड कांबळं काढून त्याच्या हातात दिलं.

"हे ताईंना द्या. त्यांचं हृदय नाजूक आहे. मला एक पुरतं."

"नको, मास्तर. तुम्हाला लागेल."

"मला काय धाड भरलीय? घ्या म्हणतो ना."

अकरा नंबरच्या शिंपीणबाईंनी ऐकून घेतलं, "अगं बाई," एवढंच म्हटलं, आणि पलंगावरची गोधडी काढून घडी घालायला लागल्या. स्वतः शिवलेली, तुकड्या-तुकड्यांची. "नेऊन द्या त्यांना. मागच्या वेळी केवढ्या आजारी पडल्या होत्या." तो म्हणाला, "बाई, माझ्यामुळे झालंय हे. मी केलंय." त्या म्हणाल्या, "असू दे हो, मुद्दाम कुणी करतं का?" आणि गोधडी त्याच्या हातावरच्या कांबळ्यावर ठेवली. त्यांचे दंड नुसत्या काड्या होते. दहा नंबरच्या आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ओरडताना त्याचा आवाज फाटला. ते शांतपणे उठले, गळ्यातला लोकरी मफलर काढला, ढिगावर ठेवला, आणि चौदा नंबरच्या दिशेने बोट दाखवून मान हलवली. कुणाला काही विचारायचंच नव्हतं. विचारलं असतं तर घाई कुणासाठी केली तेसुद्धा त्याने सांगून टाकलं असतं. व्हरांड्यातली हवा निवायला लागली होती. अजून या मजल्यावर दहा खोल्या होत्या, वर एक मजला होता, खाली एक. आणि हनुवटीपर्यंत आलेला तो ढीग खाली ठेवायला कुठे जागा नव्हती, परत करायला कुणी घेत नव्हतं, आणि ताईकडे नेऊन टाकावा तर ती कोणत्या तोंडाने पांघरणार होती? तो नऊ नंबरच्या दाराशी येऊन उभा राहिला. टकटक करायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने कोपराने दार वाजवलं.

"या, उघडंच आहे," आतून आनंदी आवाज आला. "काय मस्त ऊब आलीय हो."